तरस आलं, तरस आला

कारखान्याचा बॉयलर पेटला की माझ्या दुकानात झिरो नंबरच्या चष्म्याला गिऱ्हाईक येतं. ऊस तोडायला आलेली माणसं, बहुतेक पाथर्डीकडची, बाजाराच्या दिवशी संगमनेरात येतात आणि काउंटरवर हात टेकून सांगतात, "साधी काच द्या ताई, पाचटाचं डोळ्यात जातंय." मी फ्रेमा काढून समोर मांडते. त्यातल्या बायका आरशात बघत नाहीत, एकमेकींनाच विचारतात. बाहेरून ट्रॅक्टर जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, गाणी मोठ्यानं लावलेली. संध्याकाळी वारा फिरला की मळीचा वास दुकानात शिरतो. नवख्याला तो आंबूस वास सोसत नाही. आम्हाला मात्र तो आला नाही, तर यंदा कारखाना चालू झाला की नाही अशी शंका येते.

अशा वेळी मागच्या खोलीतून फुफीचा आवाज येतो. "कामावर लेकरं कुठं ठेवता गं?" फुफी म्हणजे माझ्या अब्बांची बहीण. गिऱ्हाईक गोंधळतं. चष्मा घ्यायला आलं तर लेकरांची चौकशी कशाला, असं त्याला वाटतं. मी काही समजावत बसत नाही. मला तो हंगाम आठवतो, आणि एक कॅमेरा.

फुफीला मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि अब्बांनी तिला मळ्यातलं दोन खोल्यांचं घर दिलं. संगमनेरहून शेजारच्या अकोल्याकडे निघालं की प्रवरेच्या अंगानं सगळा ऊसच. त्या उसात कुठं कुठं पत्र्याची घरं असतात, त्यातलं एक तिचं. घरापुढे ओटा, ओट्याच्या कडेला चूल, दावणीला राजूरच्या बाजारातून आणलेल्या शेळ्या. थंडीत उसाला तुरे आले की घर रस्त्यावरून दिसेनासं व्हायचं. मी लहानपणी सुट्टीत तिथं जायची तेव्हा वाट चुकू नये म्हणून फुफी ओट्यावर उभी राहून ताट वाजवायची. "कुणाच्या घरात नाही, मी माझ्या ओट्यावर राहते," हे तिचं आवडतं वाक्य. ती ते इतक्या ठसक्यात म्हणायची की कुणी तिला कधी बिचारी म्हटलंच नाही.

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. उसात वाघ असणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात, शाळेतली मुलं घोळक्यानं जातात. फुफीचे शेजारी भाऊसाहेब बांधावरून जाताना खिशातल्या मोबाईलवर भजन लावून ठेवतात. वाघाला माणूस येतोय हे कळावं म्हणून. वाघाला भजन आवडत असेल तर काय करणार, असं फुफी त्यांना विचारायची.

त्या वर्षी भाऊसाहेबांचं कुत्रं गेलं. पट्ट्यासकट गेलं. भाऊसाहेबांनी ओट्यावर येऊन सांगितलं, "फुफी, वाघच हाय. लई जवळ आलाय. तुमी एकट्या ऱ्हाऊ नका." ही बातमी माझ्या भावापर्यंत, रफिकपर्यंत पोहोचली. रफिक दुधाच्या टँकरांचं काम बघतो आणि सगळ्यांची काळजी तोच करतो असं त्याला वाटतं. त्यात त्याची चूक नाही, कारण बहुतेक वेळा ते खरंच असतं. तो मळ्यात आला आणि म्हणाला, "फुफी, सामान बांधा. संगमनेरला चला."

घरात आम्ही दखनी बोलतो. इथं ते सगळं मराठीत लिहिते आहे, एका वाक्याचा अपवाद करून. ते वाक्य पुढे येईल.

फुफी म्हणाली, "वाघ कुणी बघितला?"

"कुत्रं कुणी नेलं मग?"

"पळून गेलं असेल. भाऊसाहेबांच्या भजनाला कंटाळून."

रफिकला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. शेवटी मीच मधे पडून म्हटलं, कॅमेरा लावू. दोघांनाही ते पटलं आणि ओट्यावर बसून सौदा ठरला. कॅमेऱ्यात वाघ दिसला तर फुफीनं मुकाट्यानं संगमनेरला यायचं. हंगाम संपेपर्यंत नाही दिसला, तर रफिकनं परत हा विषय काढायचा नाही. फुफीनं शब्द दिला. मी निघताना ती मला सोडायला बांधापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "शब्बो, स्वस्तातला आण हं. अगदी स्वस्तातला. ज्याला धड दिसत नाही असा."

चष्म्याच्या दुकानात बसून आंधळा कॅमेरा शोधायची वेळ माझ्यावर आली.

आधी सीसीटीव्हीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, चार कोपऱ्यांना चार लावू, घरी बसून बघा. शेतातली लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, तीही आली तर, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. मग कळलं की जंगलात लावतात तो ट्रॅप कॅमेरा वेगळाच असतो. त्याला वायर नाही. पेन्सिल सेलवर चालतो, झाडाला पट्ट्यानं आवळायचा, आणि समोरून ऊब असलेलं काही हललं की आपणहून फोटो काढतो. मग बरेच दिवस गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर तेच बघत बसले. एक परदेशी माणूस आपल्या घरामागची हरणं दाखवून कॅमेऱ्यांचे गुणदोष सांगायचा. छान सांगायचा, पण त्याच्याकडे ऊस नव्हता आणि भाऊसाहेबही नव्हते.

जाहिरातीत मेगापिक्सेलचे आकडे सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतात. ते बघून मला माझीच गिऱ्हाइकं आठवली. रोज कुणीतरी म्हणतं, "मोठा नंबर द्या, म्हंजी चांगलं दिसंल." आकडा मोठा म्हणून नजर स्वच्छ होत नसते, हे सांगून माझा घसा बसलाय. तेव्हा त्या आकड्यांना मी फसले नाही. विचारायची गोष्ट निराळीच होती. जनावर समोर आल्यावर हा कॅमेरा किती लवकर जागा होतो? उशिरा जागा होणाऱ्याच्या फोटोत नुसती शेपटी येते. सिमकार्डवाले कॅमेरे लगेच मोबाईलवर फोटो पाठवतात, पण मळ्यात रेंज ओट्याच्या एकाच कोपऱ्यात, तीही उभं राहिल्यावर. ते बाद. अंधारात उजेड पाडायच्याही दोन तऱ्हा. एकात बारीक लाल ठिपके पेटतात आणि जनावराला ते दिसतात. दुसऱ्यात काहीच दिसत नाही, पण तो महाग. मी चटकन जागा होणारा, लाल ठिपक्यांचा, सिमकार्ड नसलेला घेतला. जे पैसे वाचले ते चांगल्या सेलांत घातले, कारण हलके सेल थंडीत माना टाकतात.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझंच मन दोन्हीकडे होतं. एकटी बाई, चहूकडे ऊस, या विचारानं मला झोप लागायची नाही. आणि फुफीला शहरातल्या मागच्या खोलीत बसलेली डोळ्यांपुढे आणलं की रडू यायचं. कॅमेऱ्याला वाघ दिसावा असंही वाटायचं, दिसू नये असंही. असं दोन्हीकडचं मन घेऊन मी पार्सल फोडलं.

बांधावरच्या बाभळीला तो मी स्वतः बांधला आणि चुकीचा बांधला. माणसाचं तोंड जिथं असतं तिथं काच धरायची, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. कॅमेरा बरोब्बर डोळ्यांच्या उंचीला आला, तोंड उसाकडे आणि मावळतीकडे. पुढच्या रविवारी कार्ड काढलं तर ते पाचटाच्या फोटोंनी भरलेलं. ऊन खाऊन तापलेली पानं हलायची आणि कॅमेरा प्रत्येक पानाला जनावर समजायचा. मधेच मावळता सूर्य, मधेच भाऊसाहेबांची टोपी, नुसती टोपी, कधी डावीकडून उजवीकडे, कधी उजवीकडून डावीकडे. फुफीनं एकेक फोटो मन लावून बघितला. "चांगला आहे कॅमेरा," ती म्हणाली. "असाच राहू दे."

मी तो गुडघ्याच्या उंचीवर उतरवला आणि उत्तरेला वळवला, बांधाच्या लांबीत, समोरच्या कडुलिंबाकडे. मग जनावरं यायला लागली. मुंगूस, मान वर करून. साळिंदर, घाईत निघालेलं. एक रानमांजर, दर वेळी तोंडात काहीतरी. फुफीला त्यांची मजा वाटायला लागली. रविवारी मी पोहोचायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं असायचं. थंडीत ओट्यावर ऊन आलेलं, शेळ्या पाला खाताहेत, आणि आम्ही दोघी मोबाईलवर डोकं लावून बसलेल्या. एका फोटोत ती स्वतःच होती, डोक्यावर वैरणीचा भारा, कमरेत वाकलेली. तो तिनं बराच वेळ धरून ठेवला. "मी अशी चालते?" तिनं विचारलं. आमच्या दुकानात नवीन चष्मा घालून पहिल्यांदा आरशात बघणाऱ्या बायकांचा असाच आवाज होतो.

मग एका रविवारी कार्डात ती आली, वाघीण. लिंबाखालून येताना तिला ते लाल ठिपके दिसले असणार, कारण ती थांबली होती आणि सरळ कॅमेऱ्यात बघत होती. काळापांढरा फोटो, डोळे पांढरेशुभ्र, आणि तोंडात मानेला धरलेलं एक पिल्लू. पिल्लाचे पाय लोंबत होते. महागाचा कॅमेरा घेतला असता तर ती तशीच निघून गेली असती, आमच्याकडे न बघता.

सौदा संपला होता, एवढंच माझ्या डोक्यात होतं. फुफीनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "मेरेकू तरस आया गे."

हेच ते वाक्य. तेवढ्यात भाऊसाहेब म्हैस हाकत बांधावरून चालले होते. ते थांबले.

"तरस आलं व्हय?" त्यांनी लांबूनच विचारलं. "मंग काय भ्यायचं कारन न्हाई. तरस माणसाच्या वाटंला जात न्हाई. मेल्यालं खातंय. माझं कुत्रं बी आदीच मेलं आसंल, मंग न्हेलं आसंल." आणि मोबाईलवरचं भजन वाढवून ते पुढं गेले.

तरस म्हणजे त्यांच्या मराठीत ते आखूड मागल्या पायांचं, पट्ट्यांचं जनावर. आमच्या दखनीत तरस येणं म्हणजे दया येणं, काळीज हलणं. ही चूक आमच्याच शिवारात होऊ शकते. शेजारी दोन भाषा राहतात आणि मधे नुसता बांध असतो. फुफीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती खोटं बोलली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. संध्याकाळी डेअरीवर दूध घालताना भाऊसाहेबांनी सगळ्यांना सांगितलं असणार, कारण रात्र व्हायच्या आत रफिकचा फोन आला. "तरस आहे म्हणे. बरं झालं," तो म्हणाला. मी "हं" म्हटलं. त्या एका "हं"वर फुफीचं घर उभं होतं.

दरम्यान कारखान्याची टोळी आमच्या शिवारात उतरली. मळ्याच्या कडेला कोप्या उभ्या राहिल्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या. पहाटेपासून कोयत्यांचा आवाज यायचा. ऊस जसजसा आडवा होत गेला तसतसं फुफीचं घर पुन्हा रस्त्यावरून दिसायला लागलं. दरवर्षी तिला ते आवडायचं, घरावरचं पांघरूण काढल्यासारखं वाटतं म्हणायची. त्या वर्षी ती उभ्या उरलेल्या तुकड्याकडे बघत बसायची. तो तुकडा लिंबापासून सुरू होत होता.

पुढचा रविवार. चहा, ऊन, मोबाईल. पहिल्या फोटोत पुन्हा ती, तोंडात पिल्लू, लिंबाखालून उसात शिरताना. मी बोट सरकवलं. पुढचा फोटो दिवसाउजेडीचा, तोच लिंब. त्याच्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली, आणि झोळीतून एक एवढुसा पाय बाहेर आलेला. मागे धूसर दिसणारी बाई मोळी बांधत होती.

फुफीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला. मागचा फोटो, पुढचा फोटो. पुन्हा मागचा. मग ती उठली, चपला न घालता बांधाकडे निघाली आणि तिथूनच हाक मारली, "भाऊ, तोड थांबवा. तरस न्हाई. वाघीन हाय. पिल्लं हायती तिची, लिंबाच्या तुकड्यात."

भाऊसाहेब धावत आले. "आवं फुफी, तुमीच तर म्हनला हुता, तरस आलं."

"आलं न्हाई, आला. तिच्या तोंडात पिल्लू बघितलं न् मला तरस आला. आमच्यात जीव कळवळला की तसं म्हनत्यात."

भाऊसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजी तुमचं तरस जनावर न्हवंच?"

"न्हवंच."

"आन् आमी सगळ्या गावाला जनावर सांगत फिरलो," ते म्हणाले. मग तोडीवाल्यांकडे वळून त्यांनी मोठमोठ्यानं हातवारे केले. झोळीतल्या लेकराची आई पाथर्डीकडची होती. तिनं लेकरू छातीशी धरलं आणि म्हणाली, "आमाला कुनीच सांगितलं न्हाई वो." ती फुफीला बोल लावत नव्हती, पण फुफीनं ते अंगावर घेतलं. झोळी तिनं स्वतः सोडली आणि आपल्या घरातल्या आढ्याला बांधली. टोळी तिथं होती तोवर ते लेकरू फुफीच्या घरात झोपलं.

रफिकला फोनही फुफीनंच केला, ओट्याच्या त्या रेंजच्या कोपऱ्यात उभी राहून.

वनखात्याची माणसं आली. तेवढा तुकडा उभा ठेवून टोळीला दुसऱ्या शेतात नेलं. दिवसाही आम्ही कुणी तिकडे फिरकायचो नाही, आणि वाघिणीनं एकेक करून पिल्लं नदीकडच्या उसात हलवली. माझ्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यानं त्यातलं शेवटचं जाणं टिपलं. तिनं त्याही वेळी लाल ठिपक्यांकडे बघितलं, पण थांबली नाही.

रफिक टेम्पो घेऊन आला तेव्हा त्याचाच चेहरा उतरलेला होता. जिंकलेला माणूस असा दिसत नाही. तो म्हणाला, "फुफी, राहायचं तर राहा. पण मग मला पिंजरा लावायचा अर्ज द्यावा लागेल. गावातले बाकीचेही सह्या करतील. ती असताना मी तुम्हाला इथं ठेवू शकत नाही."

फुफीनं चूल विझवली, राख भरली, ओट्यावरून पोतेरं फिरवलं. "दोघींपैकी एकीनंच घर सोडायचं असेल तर मी सोडते," ती म्हणाली. "मला जायला संगमनेर आहे. तिला पिंजऱ्यात घालून कुठं सोडाल? आणि तिची लेकरं?" मग तिनं शेळ्यांची दावी भाऊसाहेबांच्या हातात दिली. भाऊसाहेब म्हणाले, "मी सांभाळतो, फुफी. तुमी परत येस्तवर." परत येण्याचं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. टेम्पो निघाला तेव्हा शेत मोकळं झालेलं होतं आणि घर खूप लांबपर्यंत दिसत राहिलं. मी मागे वळून बघत होते. फुफी समोर बघत होती.

पिंजरा लागला नाही. अर्ज झाला नाही, कारण मळ्यात आता जपण्यासारखं माणूसच उरलं नव्हतं. भाऊसाहेब दिवसा शेतात जातात, अंधाराच्या आत घरी येतात, भजन चालूच. लिंबाजवळ झोळी बांधायची नाही, हे ते प्रत्येक हंगामात टोळीला पहिल्याच दिवशी सांगतात. फुफी मागच्या खोलीत राहते. रफिक रोज संध्याकाळी येतो, तिच्यासाठी गरम जिलबी आणतो, ती त्याला त्याच्या शुगरची आठवण करून देत सगळी खाते. ती दुःखी आहे असं मी म्हणणार नाही. पण "माझ्या ओट्यावर" हे शब्द तिनं त्यानंतर उच्चारलेले मी ऐकले नाहीत.

कॅमेरा मात्र चालू आहे. निघताना तिनंच सांगितलं होतं, बाभळीवरचा काढ आणि ओट्याच्या खांबाला बांध, घरावर कुणाची तरी नजर राहू दे. रविवारी मी जाते, सेल बदलते, कार्ड आणते. ऊस पुन्हा वाढलाय, तुरे आलेत, घर पुन्हा बुडालंय. आजवर ओट्यावर कुत्री, मुंगूस, एकदा भाऊसाहेब, बिडी ओढत बसलेले. त्या घडीला त्यांना कॅमेऱ्याची आठवण राहिली नसावी.

काल आणलेल्या कार्डात ती होती. ओट्यावर, चुलीच्या शेजारी, पुढचे पाय पसरून बसलेली. तीच की दुसरी कुणी, मला सांगता येणार नाही. फुफी म्हणते तीच. कॅमेऱ्याकडे बघत होती आणि उठून जायची तिला काही घाई दिसत नव्हती. दुकानात एक पाथर्डीची बाई फ्रेम लावून बघत होती, बाहेरून ट्रॉल्या जात होत्या. फुफीनं फोटो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, नंबर बदललाय तिचा. चूल नीट आहे ना, एवढंच विचारलं.

तेवढ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. रविवारी मी मळ्यातून परतले की दुसऱ्या दिवशी ते न चुकता करतात. मी स्पीकरवर लावला.

"फुफी, काय आलं का कॅमेऱ्यात?"

फुफीची नजर फोटोवरच होती. "आला, भाऊ," ती म्हणाली. "तरस आला."

पलीकडचं भजन त्यांनी बंद केलं.

"आमाला बी येतो, फुफी. तुमच्या ओट्याकडं नजर गेली की रोज येतो."

येतो म्हणाले भाऊसाहेब. येतं नाही.